मदत हवी आहे: टक्कल चेहऱ्यात धरायचं का?

नमस्कार मंडळी,

रविवारी आमच्या सोसायटीच्या गणपतीत 'खेळ पैठणीचा' आहे. 'होम मिनिस्टर' 2004 साली सुरू झालं, तेव्हापासून टीव्हीवर बघत आलेलेच खेळ आम्ही खेळतो. फरक इतकाच की तिथे शेवटचा शब्द भावोजींचा असायचा, इथे शिट्टी माझ्या गळ्यात आहे आणि स्पर्धकांत माझी सख्खी जाऊ आहे.

घोडं अडलंय टिकल्यांच्या खेळावर. कागदावर नियम एका ओळीचा: 'एका मिनिटात नवऱ्याच्या चेहऱ्यावर जास्तीत जास्त टिकल्या लावणे.' गेल्या वर्षी एका वहिनींनी कपाळ भरल्यावर मोर्चा थेट यजमानांच्या टकलावर वळवला. जागा ऐसपैस, बोट सरसर चालतंय. शेजारच्या वहिनींच्या यजमानांना दाट केस, वर भरघोस दाढी, त्यामुळे टिकली चिकटेचना. त्यावरून जे रामायण झालं ते आरतीपर्यंत चाललं. (साडी सेमी सिल्क होती हो. अस्सल येवल्याची असती तर कोर्टातच गेले असते.)

तर चेहरा नेमका संपतो कुठे? केसांपर्यंत म्हणावं, तर ज्यांना केसच नाहीत त्यांचं काय? टिकलीवर टिकली लावली तर एक धरायची की दोन? मला विचाराल तर एकच. आणि शिट्टी वाजल्यावर, मोजता मोजता घामाने गळून पडलेली टिकली? मांडवात पंखे दोनच आहेत.

प्रतिसाद 1:
सगळ्या नवऱ्यांना भुवयांच्या वर चार बोटांवर मुंडावळ्या बांधा. त्याच्या वरची टिकली बाद. फोटोही झकास येतील. गळलेली धरू नका, चिकटवणं हाच तर खेळ आहे.

प्रतिसाद 2:
'टास्कमास्टर' या ब्रिटिश टीव्हीवरच्या खेळांच्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या पर्वात (2016) लाल भागाला स्पर्श न करता बटाटा भोकात घालायचा होता. जो विल्किन्सन या स्पर्धकाने लांबून फेकला तो थेट आत! मग चित्रीकरणात दिसलं की पाऊल लाल भागाला लागलंय. बाद. सगळे हळहळले, पण नियम आधीच हातात दिलेला होता. तुम्हीही खेळाआधी माइकवरून वाचून दाखवा, नंतर कुणाचं ऐकू नका. जावेचं तर मुळीच नाही.

धागाकर्ती:
मुंडावळ्या मंजूर! आजच आणते. दाढीवाल्यांचं काय करायचं ते मात्र राहिलंच. सांगा कुणीतरी.