मदत हवी: इटलीच्या आघाडीवरचे मराठा शिपाई पडद्यावर कुठे दिसतात?

दुसऱ्या महायुद्धावरच्या युद्धपटांत इटली आली तरी भारतीय पलटणी क्वचितच दिसतात. टायबर खोऱ्यात 10 जुलै 1944 ला नाईक (हुद्दा) यशवंत घाडगे लढताना धारातीर्थी पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान. सेनियो नदीवर 9 एप्रिल 1945 ला शिपाई नामदेव जाधवांनी जखमी कंपनी कमांडरला पाण्यातून, सुरुंगपट्ट्यातून मागे आणलं, मग एकट्याने मशीनगनची ठाणी मोडली. एवढं मोठं धैर्य दाखवणारी मालिका वा माहितीपट माहीत असेल तर सांगा.

शिवाय सबटायटल्स: सेकंदाला 25 फ्रेमच्या वेगाची (फ्रेमरेटची) सबटायटल फाइल 23.976 फ्रेमच्या व्हिडिओवर तासाला अडीच मिनिटं पुढे पळते. व्हीएलसी प्लेअरमध्ये सबटायटल मागेपुढे सरकवणारी जी-एच बटणं दाबून तात्पुरतंच जुळतं. फ्रेमरेट बदलताना देवनागरी शाबूत ठेवणारं मोफत साधन कोणतं?