मदत हवी आहे: पेग वाढवल्यावर लायसेटमध्ये जीएफपी घटतंय

धागाकर्ती, मुंबई:
ई. कोलाय जिवाणूच्या लायसेटमध्ये (पेशी फोडून काढलेल्या रसात) प्लाझमिडवरून (गोल डीएनएवरून) जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन बनवतेय. रिअ‍ॅक्शन १५ मायक्रोलिटर, ३० अंश, मॅग्नेशियम ग्लुटामेट १० मिलिमोलर, पेग ८००० (रेणूंची गर्दी करायला घालतात तो पॉलिमर) दोन टक्के. जिवंत पेशीत प्रथिनं नि आरएनए मिळून मिलिलिटरला ३०० ते ४०० मिलिग्रॅम भरतात, लायसेट त्यापुढे फारच पातळ. म्हणून पेग सहा टक्क्यांवर नेलं, तर चमक निम्म्याखाली आली. गर्दीने वेग वाढायला हवा ना? की डिफ्यूजन (रेणूंचं आपोआप पसरणं) मंदावलं? तपासू कसं?

प्रतिसाद १:
दोन्ही एकदमच होतं. गर्दीत रेणू एकमेकांना धरून राहतात, पण पोचायला वेळ लागतो. जीएफपीचा डिफ्यूजन गुणांक पाण्यात सेकंदाला ८७ चौरस मायक्रोमीटर, ई. कोलायच्या आत जेमतेम ७ ते ८. प्रथिनाची साखळी लांबताना हाच उशीर नडतो. दर कोडॉनला (एमआरएनएवरच्या तीन अक्षरी संकेताला) रायबोसोम, म्हणजे प्रथिन बनवणारं यंत्र, टीआरएनए (अमिनो आम्ल आणणारा आरएनए), ईएफ-टीयू (त्याला वाहून नेणारं प्रथिन) आणि जीटीपी (ऊर्जा पुरवणारा रेणू) या सुमारे ७० किलोडाल्टनच्या तिकडीसाठी थांबतो, आणि टीआरएनएच्या चाळीसेक जाती असल्याने येणाऱ्या बहुतेक तिकड्या चुकीच्या असतात, त्या परत जातात. पेशी यावर उपाय म्हणून ईएफ-टीयूचा साठा रायबोसोमच्या कित्येक पट ठेवते. पण तो साठाही जागा खातो, म्हणून त्यालाही मर्यादा. क्लुम्प, ह्वा आणि सहकारी या संशोधकांनी २०१३ मध्ये हाच मुद्दा मांडला होता. तुमच्या लायसेटमध्ये साठा विरळ आहे, म्हणजे पेशीची अडचण आली, भरपाई आली नाही.

तरी पहिला संशय मी डिफ्यूजनवर घेणार नाही. मॅग्नेशियमच्या जोडीने पेग रायबोसोम आणि डीएनए खाली बसवतं. मिश्रण ३० अंशांवर १० मिनिटं ठेवा, १२,००० जी वर १० मिनिटं फिरवा आणि वरच्या द्रवाचं ए२६० (२६० नॅनोमीटरला शोषला जाणारा प्रकाश, यावरून आरएनए-डीएनए किती ते कळतं) दोन टक्केवाल्याशी ताडून बघा. ब्लँकमध्ये (तुलनेच्या कोऱ्या नमुन्यात) तेवढंच पेग हवं. आकडा पडला तर साका बसतोय, डिफ्यूजनचा प्रश्न नंतरचा.

प्रतिसाद २:
ए२६० टिकलं तर पेगऐवजी फिकॉल ७० (साखरेपासून बनलेला मोठा पॉलिमर) घ्या, शेजारी तितक्याच घट्टपणाचं सुक्रोज. फक्त फिकॉलमध्ये घट झाली तर मोठ्या रेणूंची गर्दी नडतेय, दोन्हींत झाली तर नुसता घट्टपणा. प्लाझमिडऐवजी तयार एमआरएनए घातला की ट्रान्सक्रिप्शनचा (डीएनएवरून आरएनए बनण्याचा) गोंधळ टळतो. मॅग्नेशियम मात्र दर पातळीला ६, ८, १०, १२ असं नव्याने जुळवा.

शेवटच्या चमकेवर निकाल लावू नका, सुरुवातीचा चढ बघा. जीएफपी पिकायला (बनल्यावर चमकू लागायला) ऑक्सिजन लागतो, म्हणून बारीक ट्यूबपेक्षा प्लेटमध्ये पातळ थर बरा. चाळीस टक्क्यांचं साठ्याचं पेग पिपेटच्या टिपला चिकटतं, वजन करून घाला. आणि पावसाळ्यात इथल्या हवेत पोटॅशियम ग्लुटामेटची बाटली उघडी राहिली तर ते ओल धरतं, मग मोलॅरिटीच चुकते.