मुंबई–दिल्ली विमान: अंतर ११४० किमी, मग सव्वादोन तास कशाला?

मुसाफिर_७२: नकाशावर मुंबई–दिल्ली हवाई अंतर ११४० किमीच्या आसपास दिसतं. विमान ताशी ८०० च्या वर जातं, म्हणजे दीड तास पुरे. तिकिटावर मात्र १२:३० ते २:४५. जानेवारीत जायचंय आणि त्याच दिवशी नवी दिल्लीहून ५:१५ ची कालका शताब्दी पकडायचीय. जमेल का?

उंची_३६०००: तिकिटावरची वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते. पुशबॅक (गेटवरून मागे ढकलणं) आणि टॅक्सी (रनवेपर्यंत जमिनीवरून जाणं) मिळून मुंबईत १५-२० मिनिटं सहज जातात. इथले दोन्ही रनवे एकमेकांना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालतो आणि रांग लागते. प्रत्यक्ष हवेत साधारण पावणेदोन तास. ताशी ८३० हा वेग फक्त वरच्या उंचीवर मिळतो. दिल्लीच्या २०० किमी आधीच उतरण सुरू होते, दहा हजार फुटांखाली वेगमर्यादा २५० नॉट, म्हणजे ताशी ४६० किमी, आणि टेकताना तर ताशी जेमतेम २५० किमी. शिवाय ११४० हे सरळ रेषेतलं अंतर. विमान ठरलेल्या मार्गाने जातं, उतरताना वळसे घेतं, ते किलोमीटर वेगळे.

वारा_पश्चिमेचा: थोडी भर. हिवाळ्यात वर पश्चिमेचे जोरदार वारे असतात. मार्ग ईशान्येकडे झुकलेला, म्हणून जाताना ते थोडे पाठीमागून लागतात, येताना समोरून. फरक पाच-दहा मिनिटांचाच, पण परतीची वेळ जास्त दिसली तर चकित होऊ नका.

धुकं_बघा: उशीर झाला नाही तर जमेल. पण जानेवारीत त्या भरवशावर मी तिकीट काढणार नाही. दिल्लीत धुकं पहाटेचं, विमान दुपारचं, म्हणून लोक निर्धास्त राहतात आणि तिथेच फसतात. तुमचं १२:३० चं विमान बहुधा सकाळी कुठून तरी येणारं असतं, आणि ते दिल्लीहून असेल तर तिथेच अडकतं. कॅट-३ बी (दाट धुक्यात उतरायची यंत्रणा) असलं की ५० मीटर दृश्यमानतेतही उतरता येतं, पण उड्डाणाला १२५ मीटर लागते. म्हणजे येणारी येत राहतात, जाणारी उभी राहतात, आणि पार्किंग भरतं. निघायच्या दिवशी सकाळी फ्लाइटरडारवर (विमानं कुठे आहेत ते दाखवणारं ॲप) आपलं विमान आत्ता कुठे आहे ते बघा. कंपनीच्या मेसेजच्या आधी कळतं. शक्य असेल तर आदल्या संध्याकाळीच दिल्लीत पोहोचा.

मुसाफिर_७२: आणि विमानतळ ते स्टेशन?

उंची_३६०००: टर्मिनल बघा, सगळा खेळ त्याचा आहे. टी-३ ला उतरलात तर एअरपोर्ट एक्सप्रेस मेट्रोने वीसेक मिनिटांत नवी दिल्ली. टी-१ ला ही लाइन जात नाही. मेट्रोच्या मॅजेंटा लाइनने हौज खास, तिथे यलो लाइन, तासभर धरा. एअरपोर्ट एक्सप्रेस अजमेरी गेटकडे सोडते, म्हणजे प्लॅटफॉर्म १६ च्या बाजूला. गाडी पहाडगंजकडच्या १ नंबरला लागली तर अख्खा पूल ओलांडायचा, सामानासकट. निघतानाही मुंबईचं टी-१ की टी-२ हे तिकिटावर वाचा, दोन्हींमध्ये रस्त्याने चांगलंच अंतर आहे. चेक-इन काउंटर तासभर आधी बंद होतो.