मर्ल ओबेरॉनला खोटारडी म्हणणं थांबवा

रेल्वेकॉलनी
हॉलिवूडची जुनी नटी मर्ल ओबेरॉन हिचं नाव निघालं की दोन वाक्यांत निकाल लागतो. जन्मली मुंबईत, आयुष्यभर सांगत राहिली ऑस्ट्रेलियातलं टास्मानिया बेट, म्हणजे खोटारडी. परवा ओळखीच्या घरी पुन्हा हेच ऐकलं आणि राहवलं नाही.

१९११ साली मुंबईत जन्मलेली अँग्लो-इंडियन मुलगी, घरातलं नाव क्वीनी. १९१७ मध्ये कुटुंब कलकत्त्याला गेलं. तिथे ला मार्टिनियर शाळेत ती शिष्यवृत्तीवर शिकत होती, पण मिश्र रक्तावरून मुलींनी इतकं छळलं की शाळाच सोडली. पुढे लंडन. निर्माता-दिग्दर्शक अलेक्झांडर कोर्डाने १९३३ मध्ये तिला इंग्लंडची राणी अ‍ॅन बोलिन हिची छोटी भूमिका दिली आणि तिथून तिचं नाव झालं. टास्मानियात जन्म झाल्याची कथा कोर्डाच्या प्रसिद्धीखात्याने रचली. ठिकाण गोऱ्यांचं, ब्रिटिश आणि इतकं लांब की कोणी चौकशीला जाणार नाही.

आता तेव्हाची अमेरिका बघा. १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद खटल्यात ठरवलं की भारतीय माणूस 'गोरा' नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही. ही दारं थोडी उघडली ती १९४६ मध्ये. हॉलिवूडच्या निर्मिती संहितेत गोऱ्या-काळ्यांचे शरीरसंबंध पडद्यावर दाखवायला मनाई होती आणि व्यवहारात ती आशियाई कलाकारांपर्यंत ताणली जायची. म्हणजे मर्लने खरं सांगितलं असतं तर तिला गोऱ्या नायकाची प्रेयसी होताच आलं नसतं. आपल्याकडे जात चोरून मुंबईत खोली मिळवणाऱ्या माणसाला आपण खोटारडा म्हणतो का? दोष खोली न देणाऱ्याचा असतो.

शुभांगी_क
कायद्याचं सगळं मान्य. पण शार्लटचं नाव तुम्ही एकदाही घेतलं नाहीत, दादा.

मर्लला वाढवलं शार्लट सेल्बीने. ती खरं तर आजी. जन्मदाती कॉन्स्टन्स, शार्लटचीच अल्पवयीन लेक. मर्लच्या लेखी मात्र शार्लट हीच आई. या आईला तिने लंडनच्या घरात मोलकरीण म्हणून ठेवलं. पाहुणे यायचे तेव्हा त्या बाईने काय करायचं? चहाचा ट्रे ठेवून आत जायचं? १९३७ मध्ये शार्लट गेली. पुढे मर्लने तिचं तैलचित्र करून घेतलं आणि चित्रकाराला कातडी उजळ करायला सांगितली. पडद्यासाठी खोटं बोलणं मला समजतं. घरातल्या भिंतीवर आईला गोरी करायला कोणत्या न्यायालयाने सांगितलं होतं?

रेल्वेकॉलनी
शुभांगीताई, प्रश्न बोचला. पण चरित्रांत सांगतात की कलकत्त्यात तिच्यावर भाळलेला एक गोरा माणूस शार्लटला पाहिल्यावर मागे फिरला. तेव्हा ती विशीतही नव्हती. आई दिसली की आपण संपलो, हे तिला असं शिकवलं गेलं. शिवाय तिने आईला कलकत्त्यात टाकून दिलं नाही, सोबत नेलं.

शुभांगी_क
सोबत नेऊन नोकर केलं. याला मी जपणं म्हणणार नाही.

जुनापडदा
मला अ‍ॅना मे वाँग आठवते. लॉस एंजेलिसमध्येच जन्मलेली चिनी वंशाची नटी. तिने काही लपवलं नाही. 'द गुड अर्थ'मधली चिनी शेतकरणीची भूमिका तिला हवी होती. ती मिळाली लुइझ रायनरला, आणि तिला त्यावर ऑस्करही मिळालं. तरी वाँग आपल्या चेहऱ्यानिशी उभी राहिली. माझा आदर तिच्याकडे जातो.

रेल्वेकॉलनी
वाँगला लपणं शक्यच नव्हतं. उलट तुमच्या उदाहरणाने माझंच म्हणणं सिद्ध होतं: खरं सांगणाऱ्या नटीला त्या गावाने काय दिलं? आणि हाच कोर्डा बघा. म्हैसूरच्या माहुताचा मुलगा साबू त्याने 'भारतीय' म्हणूनच गाजवला, कारण त्याला हत्तीवर बसवायचं होतं. मर्लला गोऱ्या नायकाच्या मिठीत द्यायचं होतं, म्हणून तिचा भारत पुसला.

निशिगंध
ऑस्करचं एक स्पष्ट करू या. 'द डार्क एंजल' (१९३५) साठी मर्लला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं नामांकन होतं, पुरस्कार बेटी डेव्हिसला गेला. २०२३ मध्ये मलेशियाची नटी मिशेल यो हिला त्याच पुरस्कारासाठी नामांकन मिळालं तेव्हा 'स्वतःला आशियाई म्हणवणारी पहिली' असं जपून लिहावं लागलं, ते मर्लमुळे. 'आपली मुंबईची मुलगी' म्हणून आता मिरवणं मला पटत नाही. ती जिवंत असताना तिने हे नातं नाकारलं. १९७९ मध्ये ती गेली, त्यानंतर ते तिच्यावर आपण का लादायचं?

भिंगवाला
मी कॅमेरा विभागात काम करतो. ती अभिनेत्री होती, यावर कोणी बोलतच नाही.

१९३७ च्या मोटार अपघातात तिच्या चेहऱ्यावर व्रण राहिले. 'द लॉजर' (१९४४) च्या वेळी छायाचित्रकार ल्युसियन बॅलार्डने भिंगाच्या अगदी जवळ एक छोटा दिवा लावला. समोरून प्रकाश पडला की खाचखळग्यांच्या सावल्या जातात. पुढे मर्लने त्याच्याशी लग्न केलं. तो दिवा आजही 'ओबी' नावानेच ओळखला जातो.

आणि 'वदरिंग हाइट्स' (१९३९) पुन्हा बघा. एमिली ब्राँटेच्या कादंबरीवरचा चित्रपट, त्यात मर्ल आहे नायिका कॅथी. नायक हीथक्लिफ म्हणजे कुळगोत्र माहीत नसलेला, सावळा, उचलून आणलेला पोर. कादंबरीत त्याला पाहून 'लस्कर' असावा अशी शंका घेतात, म्हणजे आपल्याकडच्या बंदरांतून विलायती जहाजांवर चढणारा खलाशी. पडद्यावर तो झालाय गोरा लॉरेन्स ऑलिव्हिए. कॅथी त्याला सोडून इभ्रतदार घर निवडते आणि दाईला सांगते की मीच हीथक्लिफ आहे. हे वाक्य म्हणणारी बाई मुंबईत जन्मलेली, शार्लट जाऊन दोन वर्षं झालेली. मला तो प्रसंग आता शांतपणे बघवत नाही.

शुभांगी_क
भिंगवाला, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आज रात्री पुन्हा बघते.

रेल्वेकॉलनी
माझ्याही. १९७८ मध्ये होबार्टला, तिच्या त्या मानलेल्या जन्मगावी, तिचा सत्कार झाला आणि ती अस्वस्थ झाली, एवढं वाचलं होतं. सदुसष्टाव्या वर्षी, तिथेसुद्धा, ती पकडली जाण्याच्या भीतीत होती, असं मी मानतो. शार्लटबद्दल मात्र, शुभांगीताई, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. खोटारडी हा शब्द तेवढा मी तरी वापरणार नाही.