पक्षी-प्राण्यांच्या फोटोंसाठी पहिला खराखुरा कॅमेरा: दीड लाखात काय बसेल?

वेडाराघू_कोथरूड:
नमस्कार मंडळी. सध्या हातात १८ मेगापिक्सेलचा जुना कॅनन आणि ५५-२५० लेन्स आहे. फिरणं म्हणजे पुण्याच्या आसपासचंच: पाषाण तलाव, कवडी आणि सिंहगडाच्या पायथ्याची दरी. हिवाळ्यात भिगवण, आणि जमलं तर उन्हाळ्यात एक ताडोबा. २५० वर पक्षी एवढासा येतो आणि क्रॉप केला की पिसांच्या जागी नुसता रंगाचा लगदा दिसतो.
बजेट सगळं धरून दीड लाख. त्यातले नव्वद हजार रोख, बाकी हप्त्यांवर. व्हिडिओ करायचा नाही.
नवा मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) घेऊ की वापरलेला निकॉन डी५०० आणि २००-५०० लेन्स? ४०० मिमी पुरतं की ६०० हवंच? आणि ‘नो कॉस्ट ईएमआय’मध्ये खरंच काही कॉस्ट नसते का?

खंड्या:
आधी गणित करा, कंपनीचं नाव नंतर. सेन्सरवर पक्षी किती मोठा पडेल हे काढायला पक्ष्याची लांबी गुणिले लेन्सचे मिमी, भागिले अंतर. बुलबुल २० सेंमीचा. तो १५ मीटरवर बसला असेल तर ६०० मिमीवर सेन्सरवर ८ मिमीचा पडतो, ४०० वर ५.३ मिमी आणि तुमच्या २५० वर ३.३ मिमी.
आता तेवढ्या जागेत पिक्सेल किती ते बघा. तुमच्या सध्याच्या कॅमेऱ्यावर त्या बुलबुलाच्या वाट्याला पावणेआठशे पिक्सेल येतात. डी५०० वर ५०० मिमी लावलंत तर साधारण १,५८०. कॅनन आर७ वर ४०० लावलंत तर १,६६०, कारण आर७ चा सेन्सर ३२.५ मेगापिक्सेलचा आहे आणि पिक्सेल दाट आहेत. आर१० वर (२४ मेगापिक्सेल) ४०० ला १,४३०. म्हणजे ‘५०० म्हणजे ४०० पेक्षा भारी’ हे आपोआप खरं ठरत नाही. एवढ्या पिक्सेलमध्ये बुलबुलाच्या डोळ्याभोवतीची पिसं सुटी दिसतात, हे मात्र तिन्हीकडे.
खरा फरक उजेडाचा. कॅननचं आरएफ १००-४०० पूर्ण झूमला एफ/८ होतं, निकॉनचं २००-५०० सगळीकडे एफ/५.६ राहतं. बरोबर एक स्टॉप, म्हणजे एफ/५.६ ला दुप्पट उजेड. सिंहगडाच्या दरीत सकाळी सावलीत स्वर्गीय नर्तक दिसला आणि एफ/५.६ ला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० लागत असेल, तर एफ/८ ला ६४०० लागणार. भिगवणला उघड्यावर हा फरक जाणवतही नाही. तुमचं फिरणं दोन्हीकडचं आहे, त्यामुळे तुम्ही मधोमध अडकला आहात.
दुसरी गोष्ट वजन. डी५०० ८६० ग्रॅम आणि २००-५०० २.३ किलो, म्हणजे तीन किलोंच्या वर. आर१० आणि १००-४०० मिळून जेमतेम एक किलो चौसष्ट ग्रॅम. जड जोडी पहिल्या महिन्यात हौसेनं उचलली जाते, नंतर गाडीच्या डिकीत राहते. जो लेन्स हातात असतो तोच फोटो काढतो.
माझं मत: नव्वद हजार रोख असतील तर आरएफ १००-४०० नवा घ्या, साठ हजारांच्या आसपास मिळतो. बॉडी वापरलेली आर१० किंवा आर७ शोधा. लेन्स दहा वर्षं टिकतो, बॉडीचा भाव दर दोन वर्षांनी पडतो. म्हणून नवेपणाचे पैसे लेन्सवर घाला, बॉडीवर नको.

जुना_निकॉनवाला:
खंड्याभाऊंचं गणित बरोबर, पण त्यात डी५०० चा फोकस कुठे आहे? कडेपर्यंत पसरलेले १५३ फोकस पॉइंट, सेकंदाला १० फ्रेम आणि आरशातून थेट दिसणारं दृश्य. उडत्या घारीला पकडताना त्याचा उपयोग कळतो. कॅमेरा २०१६ चा आहे आणि आता बनत नाही, म्हणूनच स्वस्त मिळतो. वापरलेली जोडी लाख ते सव्वा लाखात बसते.
पण घेताना हे बघायचं, अजिबात घाई नको.
शटर काउंट (आजवर किती फोटो काढले तो आकडा): एक फोटो काढून त्याच्या एग्झिफमधून, म्हणजे फाइलमधल्या नोंदींतून वाचता येतो. शटर २ लाख फोटोंच्या चाचणीचं आहे. ६०-७० हजारांच्या आत असेल तर निवांत घ्या, दीड लाखाच्या पुढे असेल तर भाव पाडून मागा.
सेन्सर: एफ/१६ ला आकाशाचा फोटो काढा, १०० टक्के मोठा करून कोपरे बघा. धूळ चालते, साफ करता येते. ओरखडा चालत नाही.
लेन्स: दोन्ही झाकणं काढा, मागून मोबाईलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकस बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली की विषय संपला, ‘साफ करून देतो’ म्हणाले तरी. मग २०० ते ५०० पर्यंत झूम फिरवा. मध्येच अडकत असेल किंवा खरखर ऐकू येत असेल तर आत धूळ-वाळू गेली आहे. व्हीआर (हाताची थरथर कमी करणारी सोय) सुरू-बंद करून व्ह्यूफाइंडरमधलं चित्र स्थिर होतं का ते बघा.
पिशवीत कार्ड आहे का हे विचारायला बहुतेक जण विसरतात. डी५०० च्या एका खणात एसडी, दुसऱ्यात एक्सक्यूडी. एक्सक्यूडी महाग आहे आणि आता सहज मिळत नाही. नवं फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) टाकलं की त्याच खणात सीएफएक्सप्रेस टाइप बी चालतं, त्यामुळे फर्मवेअर किती जुनं आहे तेही तपासा.
घरी आल्यावर फोकस जुळवणी करायलाच हवी. डीएसएलआरमध्ये, म्हणजे डी५०० सारख्या आरशाच्या कॅमेऱ्यात, फोकसचा सेन्सर वेगळा असतो, त्यामुळे बॉडी-लेन्सच्या जोडीत फोकस थोडा पुढे-मागे पडू शकतो. ट्रायपॉडवर कॅमेरा, समोर छापील मजकुराचं सपाट पान, ५०० मिमी, एफ/५.६. लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर बघत) मधल्या पॉइंटवर फोकस करा, मग फोकस मोडचं बटण आणि व्हिडिओचं लाल बटण एकत्र दोन सेकंद दाबा. कॅमेरा स्वतः आकडा सुचवतो. चार-पाच वेळा करून मधला आकडा घ्या, एकदाच आलेल्या आकड्यावर जाऊ नका.

शिंजीर_ताई:
भाऊ, आधी एक दिवसाच्या भाड्यानं घ्या ना! पुण्यात कॅमेरा भाड्यानं देणारे बरेच आहेत. ओळखपत्र आणि डिपॉझिट द्यावं लागतं. शनिवारी एक जोडी घ्या आणि कवडीला सकाळी सात ते दहा वापरा. नंतरच्या शनिवारी दुसरी. तीन किलो गळ्यात घेऊन चाललं की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

हिशेबनीस:
ईएमआयचं उत्तर. ‘नो कॉस्ट’मध्ये व्याज असतंच. तेवढीच सूट वस्तूच्या किमतीत आधी देतात, म्हणून दिसत नाही. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी बँक तुमच्याकडूनच घेते आणि बहुतेक वेळा वर प्रोसेसिंग फी. व्याज समजा ९,००० असेल तर जीएसटी १,६२०. हे कार्डाच्या बिलात महिन्या-महिन्यानं येतं, दुकानात सांगत नाहीत. आणि त्याच दुकानात रोख सूट मिळत असेल, तर ईएमआय घेतला की ती हातची जाते. दोन्ही कोटेशन कागदावर मागा आणि मग वजाबाकी करा.
कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे. कोणी ‘बिलाशिवाय कमी करतो’ म्हणाला तर तो बहुधा ग्रे माल, म्हणजे कंपनीच्या अधिकृत वाटेनं न आलेला मालच असणार. भारतातली वॉरंटी नाही, सर्व्हिस सेंटर बहुतेकदा हात लावत नाही, चोरी झाली तर विम्यालाही कागद नाही. बिलावर सिरियल नंबर छापून घ्या. वापरलेल्या मालाला मूळ बिल मागा आणि पैसे बिलावरच्याच माणसाच्या खात्यावर टाका.
दीड लाख म्हणजे सव्वा लाखच धरा. उरलेले पंचवीस हजार कार्ड, जादा बॅटरी, बीनबॅग (कॅमेरा टेकवायची पिशवी), मोनोपॉड (एकपायी स्टँड) आणि कोरडी पेटी (दमट हवा रोखणारा डबा) यांत जातात.

वेडाराघू_कोथरूड:
आभार सगळ्यांचे. ताईंचं ऐकून आधी भाड्यानं घेणार. दोन शंका. १५०-६०० सिग्मा लेन्स वापरलेला स्वस्त मिळतोय, अडॅप्टरनं (वेगळ्या जोडणीचा लेन्स बसवणाऱ्या कड्यानं) आर७ वर लावला तर? आणि ‘कोरडी पेटी’ खरंच लागते का? मी आत्तापर्यंत कॅमेरा कपाटात ठेवतो.

खंड्या:
सिग्मा कंटेम्पररी १.९३ किलोचा आहे, ६०० ला एफ/६.३, धार चांगली. पण अडॅप्टरवर काही बॉडींमध्ये फोकस पकडल्यावरही बारीक पुढे-मागे धडधडत राहतो आणि सलग काढलेल्या काही फ्रेम मऊ, म्हणजे अस्पष्ट येतात. त्यामुळे ‘चालतो हो’ या शब्दावर घेऊ नका. स्वतःची बॉडी घेऊन जा, तारेवरच्या कोतवाल पक्ष्याचे वीसेक फोटो सलग काढा आणि घरी येऊन एकेक मोठा करून बघा.
आर७ घेतलात तर एक सवय लावून घ्या. उडत्या पक्ष्याला मेकॅनिकल शटर ठेवा. पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटरवर सेन्सर वरून खाली सावकाश वाचला जातो, त्यामुळे वेगानं हलणारे पंख वाकडे-तिकडे येतात. मॅन्युअल मोड, ऑटो आयएसओ, उडत्याला १/२५०० सेकंद, बसलेल्याला १/५००, एवढ्यानं सुरुवात करा. बर्स्टमध्ये (सलग फोटो काढताना) बफर, म्हणजे कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी लवकर भरते, म्हणून सी-रॉ (लहान आकाराची रॉ फाइल) ठेवा.
भिगवणला दहा वाजल्यानंतर पाण्यावर हवा लवलवायला लागते. तेव्हा लांबचा रोहित (फ्लेमिंगो) मऊ येणारच, लेन्सला शिव्या घालू नका. लवकर जा आणि नावाड्याला उन्हाच्या बाजूनं घ्यायला सांगा.

जुना_निकॉनवाला:
कोरडी पेटी लागतेच. पुण्याचा जून ते सप्टेंबर विसरू नका. कपाटात कपडे, लाकूड आणि दमट हवा, म्हणजे बुरशीसाठी उत्तम सोय. चामड्याच्या किंवा कापडी बॅगेत महिनोन्‌महिने ठेवणं तर त्याहून वाईट.
इलेक्ट्रिक पेटी परवडली तर उत्तम. नाहीतर रबरी कड असलेला हवाबंद डबा, अर्धा किलो नारिंगी सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. ३० च्या खाली नेऊ नका, रबर आणि ग्रीस वाळतात. दाणे हिरवे पडले की ओव्हनमध्ये साधारण ११० अंशांवर परत नारिंगी होईपर्यंत भाजा, पण जास्त तापवू नका. डांबराच्या गोळ्या डब्यात अजिबात नको.
आणि ताम्हिणीहून एसी गाडीत परत येताना कॅमेरा बॅगेतच बंद ठेवा. थंड झालेली काच बाहेरच्या दमट हवेत उघडली की लगेच धुकं धरते. वीस-पंचवीस मिनिटांनी मगच चेन उघडा.

शिंजीर_ताई:
बीनबॅग रिकामीच न्या. ताडोब्याजवळ पोहोचलात की गावातल्या दुकानातून तीनेक किलो तांदूळ घेऊन भरा, येताना काढून टाका. जिप्सीच्या दांड्यावर ती ठेवली की मोनोपॉडपेक्षा निवांत काम होतं. फक्त ड्रायव्हरला थांबल्यावर इंजिन बंद करायला सांगा. चालू इंजिनच्या थरथरीत १/२०० ला वाघ हलतो, वाघ न हलता.