सिंहगड व्हॅलीत जानेवारीची सकाळ: थांबायचं कुठे, वार्बलर ओळखायचे कसे?

पानगळ:
जानेवारीत सिंहगडाच्या पायथ्याच्या आतकरवाडीकडून व्हॅलीत पक्षी बघायला जायचं आहे. दुर्बीण ८×४२ (आठ पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिमी). पाणपक्षी बऱ्यापैकी ओळखता येतात, झाडीत मात्र गडबडायला होतं. पानांतला इवलासा पक्षी दुर्बिणीत सापडेपर्यंत उडालेला असतो आणि सापडला तरी ग्रीनिश वार्बलर की ब्लिथ्स रीड वार्बलर (दोन्ही छोटे किडेखाऊ पक्षी), ते ठरत नाही. किती वाजता पोचावं आणि किती चालावं?

रानवाट:
पावणेसातला पोचा, पण खरी वेळ आठ ते दहा. दरीत ऊन उशिरा उतरतं आणि गारठ्यात किडे हलत नाहीत. ज्या शेंड्यांवर पहिलं ऊन पडतं तिथे किडे उठतात, म्हणून माशीमार आणि वार्बलरही तिथेच जमतात. सूर्य पाठीशी येईल अशी जागा धरून वीस मिनिटं गप्प उभे राहा. वाळक्या पानांवर पाऊल वाजतं, चालत राहिलात तर मिश्र थवा (एकत्र फिरणारे वेगवेगळ्या जातींचे पक्षी) पुढे पुढे सरकत जातो. उभे राहिलात तर तो आपसूक डोक्यावरून जातो. अख्ख्या सकाळीला एक-दीड किलोमीटर पुरे.

वार्बलर आधी कानाने ओळखा. ग्रीनिश उंच पानोऱ्यात असतो, एका जागी ठरत नाही, 'चि-स्वी' असं दोन तुकड्यांत बोलतो. भुवई (डोळ्यावरची फिकट रेघ) लांब आणि ठळक. पंखावर एक बारीक फिकट पट्टी असते, पण पिसं झिजली की ती दिसत नाही, त्यामुळे तिच्यावर भिस्त नको. ब्लिथ्स रीड खाली झुडपात, अंगाने तपकिरी, भुवई आखूड, आवाज कोरडा 'टक्... टक्'. डोक्याच्या मधोमध फिकट पट्टा दिसला तर तो वेस्टर्न क्राउन्ड वार्बलर.

दुर्बीणवेडा:
झाडीसाठी १० पेक्षा ८ पटच बरी. एका नजरेत जास्त जागा मावते, शिवाय सावलीत उजेड जास्त मिळतो (डोळ्यात येणाऱ्या उजेडाच्या वर्तुळाची रुंदी ४२ भागिले ८ म्हणजे ५.२५ मिमी, १० पटीला ४.२).

पक्षी निसटतो तो बहुधा दुर्बीण उचलताना नजर खाली गेल्यामुळे. नजर पक्ष्यावरच ठेवून दुर्बीण डोळ्यांशी आणा. फोकस आधीच १५ मीटरच्या आसपास लावून ठेवा.

डायॉप्टर (दोन डोळ्यांच्या नजरेतला फरक भरून काढणारी कडी) घरीच जुळवा. उजवं भिंग झाकून मधल्या चाकाने एखादी पाटी स्पष्ट करा. मग डावं झाकून, चाकाला हात न लावता, उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवा. चष्मा असेल तर रबरी कप आत दाबा, नाहीतर कडेचं चित्र कापलं जातं.

थिरथिरा:
माशीमारांत एक घोटाळा हमखास होतो. गळा तांबूस नसलेले रेड-ब्रेस्टेड माशीमार हिवाळ्यात भरपूर असतात, त्यांना घाईने टायगा (त्यांच्यासारखाच दिसणारा दुसरा माशीमार) म्हणू नका. खालची चोच बुडाशी फिकट असेल तर रेड-ब्रेस्टेड. चोच पूर्ण काळी आणि शेपटीच्या मुळावरची पिसं शेपटीहूनही काळी असतील तर टायगा.

आणि मोबाइलवर आवाज अजिबात वाजवू नका. रात्रभर गारठलेल्या पक्ष्याची ती पोट भरायची वेळ असते, त्याला फुकट पळवणं वाईट.

पानगळ:
दहानंतर थांबण्यात अर्थ आहे?

रानवाट:
आहे. ओढ्यात पाणी उरलेला डोह शोधा आणि आठ-दहा मीटर दूर, सावलीत अर्धा तास बसा. अंघोळीला पक्षी उतरतात. जवळची जमीनही न्याहाळा, ब्लू-कॅप्ड रॉक थ्रश पालापाचोळ्यात निश्चल बसलेला असतो आणि चटकन दिसत नाही.