मदत हवी आहे: मुलाला मावशीबरोबर परदेशी पाठवायचंय, संमतीपत्राचा नमुना आहे का कुणाकडे?

सातरस्ता_सई:
मुलगा ११ वर्षांचा आहे. दिवाळीच्या सुट्टीत माझी बहीण आणि तिचे मिस्टर त्यालाही नेतायत. तिकिटं निघाली. आता एजंट म्हणतो, आईवडिलांचं संमतीपत्र नोटरी करून द्या. कोर्टासमोर टेबल टाकून बसतात त्या वकिलांकडे गेले, तर ते म्हणाले मजकूर तुम्ही आणा, शिक्का मी मारतो. एजंट म्हणतो मजकूर वकीलच देतात. दोन दिवस हेच चाललंय. नमुना असेल तर टाका, उद्या द्यायचाय. लांबण नको प्लीज.

कडक_भाकरी:
देश कुठला?

निवृत्त_लिपिक:
१०० च्या स्टॅम्पपेपरवर सरळ प्रतिज्ञापत्र करा, विषय संपला.

होटगीरोडकर:
काका, १०० चा स्टॅम्प ऑक्टोबर २०२४ मध्येच गेला. आता ५०० चा.

निवृत्त_लिपिक:
सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुळात स्टॅम्पच लागत नाही. आयुष्य गेलंय माझं त्यात.

होटगीरोडकर:
मग १०० चा कशाला सांगितला? आणि ट्रॅव्हल एजंटचं दुकान सरकारी कधी झालं?

पिशवी_घेऊन:
नेपाळला जात असाल तर काही नको. १५ वर्षांखालच्या मुलाला पासपोर्टसुद्धा लागत नाही, आधार चालतं. आम्ही गेलतो.

सातरस्ता_सई:
नेपाळचं कुणी विचारलंय? सिंगापूर आहे.

कागदपत्रप्रेमी:
अपॉस्टिल करून घ्या, म्हणजे कागद परदेशात खरा धरावा म्हणून सरकारचा शिक्का. आधी मंत्रालयात गृहविभाग, मग परराष्ट्र मंत्रालय. भारत हेग करारात आहे, सिंगापूरही आहे. एकदा केलं की जगात कुठंही चालतं.

होटगीरोडकर:
कुठंही नाही, त्या करारातल्या देशांतच. आणि हेगचे करार दोन आहेत. अपॉस्टिलच्या करारात आपण २००५ पासून आहोत. मुलं पळवून नेण्याबद्दलचा १९८० चा वेगळा, त्यात भारत नाही. पाच दिवसांच्या सहलीसाठी ताईंना मंत्रालयात कशाला धाडताय?

कडक_भाकरी:
ताई, पत्रावर दोघांच्या सह्या हव्यात. मुलाच्या बाबांची अडचण नाही ना?

सातरस्ता_सई:
मिस्टर इथे नाहीत. माझी एकटीची चालेल ना?

कडक_भाकरी:
इथे नाहीत म्हणजे? वेगळे राहता का? राग मानू नका, तसं असेल तर ताब्याचा कोर्टाचा आदेश जोडावा लागेल.

सातरस्ता_सई:
अहो, संसार व्यवस्थित चाललाय आमचा! ओमानला असतात, सोहारला नोकरी आहे. हे पहिल्यांदा लिहायचं असतं हे मला काय ठाऊक.

पिशवी_घेऊन:
मुंबईपर्यंत विमानानं जा, आता सोलापूरच्या होटगी रोडवरून सुरू झालंय.

कडक_भाकरी:
सामान आणि पोरं घेऊन रेल्वेच बरी. पण ते राहू द्या. ताई, मुलाचा पासपोर्ट कधी काढला?

सातरस्ता_सई:
आहे हो पासपोर्ट! पहिलीत असताना काढलेला. तो प्रश्नच नाही.

कडक_भाकरी:
लहान मुलांचा पाचच वर्षांचा असतो. शेवटची तारीख बघून सांगा.

सातरस्ता_सई:
कपाटात चादरींच्या घडीखाली सापडला. फोटोत गाल फुगलेले आहेत, ओळखू येत नाही. १८ जानेवारीला संपतोय. पण दिवाळी तर त्याच्या आधीच आहे ना?

कडक_भाकरी:
नाही चालत. सिंगापूरला उतरताना पासपोर्टला सहा महिने शिल्लक लागतात. आधी नवा काढा. नंबर बदलेल, व्हिसा नव्या नंबरवरच काढायचा. एजंटला आजच फोन करा, उद्याचं विसरा. आपल्या पोस्टातल्या पासपोर्ट केंद्राची वेळ ऑनलाइन घ्या, फी १०००, तत्काळला आणखी २०००.

भाचीची_मावशी:
मी भाचीला नेलं होतं, तेव्हाचं सांगते. पासपोर्टच्या अर्जालाही दोघांची संमती लागते, ते परिशिष्ट डी. वडील परदेशात असले तर त्यांचं शपथपत्र तिथल्या भारतीय दूतावासाकडून साक्षांकित होऊन यायला हवं. मस्कतला जातीलच, तेव्हा सहलीच्या संमतीपत्रावरची सहीही तिथंच साक्षांकित करून घ्या, फेरी वाचेल. फक्त त्यात मुलाच्या पासपोर्ट नंबरची जागा रिकामी सोडू नका, जुना नंबर लिहून ‘नूतनीकरणाचा अर्ज केला आहे’ असं टाका.

मजकूर इंग्रजीत करा. मुलाचं नाव, जन्मतारीख. तुमची दोघांची नावं, पासपोर्ट नंबर, फोन. बहीण आणि मेहुणे दोघांचीही नावं घाला, एकाचंच नको. कुठून कुठपर्यंत, कुठल्या तारखा, राहणार कुठं, खर्च कुणाचा. शेवटी ‘गरज पडल्यास औषधोपचाराचा निर्णय यांनी घ्यावा’ हे वाक्य विसरू नका. भाचीला तिथं ताप आला, दवाखान्यात पहिला प्रश्न ‘आई कुठंय?’ जन्मदाखल्याची प्रत जोडा, कारण मावशीचं आडनाव वेगळं असणार.

होटगीरोडकर:
सिंगापूरचं अरायव्हल कार्डही भरायचं असतं, पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत. फुकट आहे, पैसे मागणाऱ्या साइटवर भरू नका.

सातरस्ता_सई:
भाचीची मावशी, पाया पडते तुमच्या. ह्यांना गुरुवारी रजा टाकायला लावलीय, सोहारहून मस्कत दोनेकशे किलोमीटर पडतं. एजंट म्हणतो पासपोर्टचं आधी का नाही सांगितलंत. त्यानं विचारलं होतं का कधी?

निवृत्त_लिपिक:
स्टॅम्प किती रुपयांचा घेतला शेवटी?